सावलीत बसणे आणि सावली पडणे

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘हमखास चुकणाऱ्या पन्नास इंग्रजी नामजोड्या’ असा छापला आहे. पन्नास हा आकडा संयोजकांचा आहे. मी त्यांना दूरध्वनीवर एवढेच म्हणालो होतो, की पाच-पन्नास जोड्या सहज सांगता येतील. आणि मराठीत पाच-पन्नास म्हणजे नेमके किती, हे ऐकणाऱ्याने आपापल्या स्वभावानुसार ठरवायचे असते. त्यांनी वरचा आकडा धरला, मी खालचा धरून आलो आहे. जे वहीत पन्नास ओळी आखून बसले आहेत, त्यांची मी आधीच क्षमा मागतो.

सभागृहात निम्मे शिक्षक आणि निम्मे पालक आहेत, असे मघाशी चहाच्या वेळी समजले. तेव्हा शेड आणि शॅडो, हाउस आणि होम, वर्क आणि जॉब, फेअर आणि रेंट ही मंडळी कोण, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी यांचा तक्ता कधी ना कधी भिंतीवर लागलेला आहे. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी अर्थ, आणि लागोपाठच्या दोन ओळींत उजवीकडे एकच मराठी शब्द. शेड म्हणजे सावली. शॅडो म्हणजेही सावलीच, पण छापणाऱ्याला संकोच वाटला म्हणून तिथे ‘छाया’. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतो, परीक्षेत त्याला दोन्ही शब्द एकदम आठवतात, आणि त्यांतला नको तो लिहून तो घरी येतो.

आता माझा मुद्दा सांगून टाकतो, कारण तो शेवटासाठी राखून ठेवला तर राहून जाईल, असा माझा पूर्वानुभव आहे. मराठी मुलाला या जोड्यांमधला फरक इंग्रजी शिकण्याच्या आधीपासून माहीत असतो. तो फरक त्याच्या नामात साठवलेला नसतो, एवढेच. तो क्रियापदात असतो, विभक्तीच्या प्रत्ययात असतो, क्वचित नामाच्या लिंगात असतो. आपण शिक्षक मात्र त्याला नाम तेवढे विचारतो, आणि ते एकच निघाले की ‘तुला फरक कळत नाही’ असे सांगून मोकळे होतो.

हे मला कसे सुचले, त्यामागे एक अर्धा गुण आहे. गोष्ट 1987 च्या उन्हाळ्यातली. एका मोठ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला आम्ही सात परीक्षक एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो. परीक्षेचे नाव मी घेणार नाही. ज्यांना ओळखता येईल त्यांनीही ते मनातच ठेवावे. निबंधाचा विषय उन्हाळ्याच्या सुटीतला एक दिवस असा होता, म्हणजे आम्ही उन्हाळ्यात घाम पुसत शेकडो मुलांचा उन्हाळा वाचत होतो. माझ्या गठ्ठ्यातल्या एका मुलीने लिहिले होते, की दुपारी आम्ही सगळी भावंडे चिंचेच्या झाडाच्या शॅडोमध्ये बसलो आणि चिंचा खाल्ल्या. बाकी निबंध स्वच्छ, अक्षर वळणदार. मी पूर्ण गुण दिले. नियामकांनी नमुन्यादाखल काढलेल्या उत्तरपत्रिकांत नेमकी तीच निघाली आणि त्यांनी लाल शाईने अर्धा गुण कापला.

मी वयाने लहान होतो, त्यामुळे भांडलो. मी म्हणालो, की इंग्रज माणूससुद्धा झाडाची शॅडो म्हणतो, आणि मुलीने काय म्हटले आहे ते स्पष्ट कळते आहे. नियामक म्हणाले, की तिथे शेड हवे. मी विचारले, का हवे? ते म्हणाले, शेड म्हणजे सावली. मी विचारले, मग शॅडो म्हणजे? ते म्हणाले, छाया. मी विचारले, छाया म्हणजे? यावर खोलीत काही काळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग एका ज्येष्ठ परीक्षकांनी पिशवीतून शब्दकोश काढला, दुसऱ्यांनी दुसरा काढला. एकात दोन्ही शब्दांपुढे ‘सावली, छाया’ असे होते आणि दुसऱ्यात ‘छाया, सावली’ असे होते. चहा आला, खारी आली, ती चहात बुडाली, आणि सात पदवीधर माणसे पाऊण तास एका चिंचेच्या झाडाखाली अडकून पडली. अखेर नियामकांनी निर्णय दिला, की फरक सांगता येत नसला तरी तो आहे, म्हणून अर्धा गुण कापलेलाच राहील.

पुढे सात वर्षे मी दर जूनमध्ये संबंधितांना पत्र लिहीत होतो. माझी मागणी माफक होती: जो फरक परीक्षकाला सांगता येत नाही, त्यासाठी विद्यार्थ्याचा गुण कापू नये. सात पत्रांना मिळून एक उत्तर आले. त्यात लिहिले होते, ‘आपले पत्र मिळाले.’ ते मी जपून ठेवले आहे, कारण इतके निर्विवाद वाक्य कोणत्याही कार्यालयाकडून मला पुन्हा मिळालेले नाही.

मात्र तक्रार करता करता माझी मलाच लाज वाटू लागली, कारण फरक मलाही सांगता येत नव्हता. तेव्हा मी सातवीच्या वर्गात गेलो आणि इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्ये मागितली. सावली हा शब्द घालून प्रत्येकाने एक वाक्य सांगावे, असे सांगितले. मुले म्हणाली: आजोबा सावलीत बसले. गाडी सावलीत लाव. मोगऱ्याची कुंडी सावलीत ठेवली. भिंतीवर माझी सावली पडली. संध्याकाळी सावल्या लांब होतात. कुत्रा स्वतःच्या सावलीवर भुंकला. फळा भरला तेव्हा मी दोन रंगांचे खडू घेतले आणि नुसता ‘सावलीत’ हा शब्द जिथे जिथे आला तिथे पिवळी रेघ मारली. पिवळ्या रेघांची सगळी वाक्ये शेडची निघाली आणि उरलेली सगळी शॅडोची. जिच्यात जाऊन बसता येते ती शेड. जी कुणाची तरी असते, पडते, लांबते, मागे लागते, ती शॅडो. शेडला आकार नसतो, म्हणून मराठीतही ‘आम्ही सावल्यांत बसलो’ असे कोणी म्हणत नाही. शॅडोला आकार असतो, म्हणून सावल्या लांब होतात. वर्गातल्या एकाही मुलाने यात चूक केली नव्हती. कोणी शिकवले होते त्यांना? ज्या मुलीचा अर्धा गुण गेला, तिला ‘सावलीत बसलो की शेड’ एवढी चार शब्दांची किल्ली कोणी दिली असती तर तो गेला नसता.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते विषयातच आहे. शेड आणि शॅडो हे मुळात दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, नामांना आपल्यासारखीच विभक्ती लागत असे. तेव्हा हा एकच शब्द होता. त्याच्या प्रथमेच्या रूपापासून आजचा शेड आला आणि इतर विभक्तींतल्या, म्हणजे आपल्या भाषेत सामान्यरूपासारख्या, रूपापासून शॅडो आला. आपल्याकडे ‘घोडा’ आणि ‘घोड्या-’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. उद्या मराठीतली विभक्ती झिजून गेली आणि घोडा म्हणजे टांग्याचा व घोड्या म्हणजे शर्यतीचा असे लोक मानू लागले, तर जे होईल ते इंग्रजीत होऊन गेले आहे. रूपे दोन उरली होती, अर्थ एक होता. मग दोघांनी कामे वाटून घेतली. वाटणी काटेकोर नाही, म्हणून झाडाची शॅडो म्हणणारा इंग्रज आजही सापडतो, आणि म्हणून त्या अर्ध्या गुणाबद्दलचे माझे मत आजही बदललेले नाही.

याच शेडचा आणखी एक घोटाळा आपल्या कानाने केलेला आहे. पत्र्याची असते तीही शेड, आणि झाडाची असते तीही शेड. इंग्रजीत त्यांचे स्वर वेगळे आहेत, स्पेलिंग वेगळे आहे. आपण दोघींना एकाच दाराने आत घेतले. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिले, की दुपारी गाई शेडमध्ये बसतात, आणि स्पेलिंग झाडाच्या शेडचे केले. मी त्याला विचारले, की तुझ्या गाई गोठ्यात आहेत की झाडाखाली? तो म्हणाला, ‘सर, कुठेही बसवा, ऊन लागत नाही.’ मी गुण दिला.

सावलीइतकेच उत्तम उदाहरण घराचे आहे. हाउस म्हणजे विटामातीचे आणि होम म्हणजे मायेचे, असे एक भावगीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. ऐकायला गोड आहे, पण वाक्य लिहिताना त्याचा काही उपयोग होत नाही, कारण माया कुठे संपते आणि विटा कुठे सुरू होतात हे निबंध लिहिणाऱ्या मुलाला ठरवता येत नाही. त्याऐवजी मराठीकडे पाहा. ‘मी घरी गेलो’ आणि ‘मी घरात गेलो’ ही दोन वाक्ये घ्या. शाळेत सप्तमीचे प्रत्यय आपण त, ई, आ असे पाठ केले होते; घरी आणि घरात ही दोन्ही सप्तमीच आहेत. तरीही पेठेतून कोथरूडला जाणारा माणूस घरी जातो, आणि पाऊस आला म्हणून अंगणातून उठणारा माणूस घरात जातो. शेजाऱ्याच्या घरात शिरलेला चोर घरात जातो, घरी जात नाही. घरी तो पहाटे जातो. जिथे मराठीत ‘घरी’ तिथे इंग्रजीत होम, जिथे ‘घरात’ तिथे हाउस. आणि खरी गंमत पुढे आहे. आपली मुले ‘गो टू होम’ असे लिहितात आणि आपण तो ‘टू’ खोडत बसतो. तो का खोडायचा हे ‘घरी’ सांगते: त्यात प्रत्यय आधीच मुरलेला आहे, आपण ‘घरीला जातो’ म्हणत नाही. इंग्रजी होमसुद्धा अशा वाक्यात तसाच मुरलेला शब्द आहे, त्याला वेगळा ‘टू’ लागत नाही. हा नियम मी तिसावे वर्ष ओलांडल्यावर शिकलो, आणि तो मला कोणत्याही इंग्रजी पुस्तकाने शिकवला नाही.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधी ते पाचवीत येत असे. लवकर आले याला माझा विरोध नाही, मुलांचे उच्चार त्यामुळे सुधारले, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु पूर्वी मूल इंग्रजीपाशी पोचायचे तेव्हा त्याच्या गाठीला चार वर्षांचे मराठी व्याकरण असायचे, आणि शिक्षकाला ‘घरी’ आणि ‘घरात’ यांवर बोट ठेवता यायचे. आता होम आधी येतो आणि सप्तमी नंतर. त्यामुळे हे काम घरी पालकांवर आले आहे. घरी म्हणतो आहे, घरात नव्हे.

शब्दकोशांवर मी मघाशी थोडा अन्याय केला, तो दुरुस्त करतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. इंग्रजी-मराठी कोश 1847 चा, आणि या सगळ्या उद्योगात थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. मराठी-इंग्रजी कोश ज्यांनी उघडला असेल, त्यांनी एक बारीक गोष्ट पाहिली असेल. अनेक नामांपुढे मोल्सवर्थ अर्थाबरोबरच, हे नाम कोणकोणत्या क्रियापदांबरोबर चालते, ते लिहितात: कर, घाल, लाग, बस, पड. त्या परक्या माणसाला मराठी शिकताना जे जाणवले, ते आपल्याला इंग्रजी शिकवताना जाणवू नये, याचे मला नवल वाटते. मराठीत नाम एकटे फिरत नाही. ते क्रियापदाच्या सोबतीने फिरते आणि सोबत बदलली की अर्थ बदलतो. आपले खिशातले इंग्रजी-मराठी कोश ही सोबत कापून टाकतात, आणि मग उजव्या रकान्यात एकटी सावली उरते.

आवाज हा शब्द घ्या. इंग्रजीत साउंड, नॉइज, व्हॉइस आणि व्हॉल्यूम असे चार शब्द आहेत आणि आपल्याकडे चौघांना मिळून एक आवाज. पण आवाज येतो तेव्हा तो साउंड असतो, आवाज करू नका म्हटले की नॉइज, आवाज बसला की व्हॉइस, आणि आवाज कमी कर म्हटले की व्हॉल्यूम. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याला लागून राहणाऱ्यांना हे चारही एकाच रात्री अनुभवता येतात: मांडवातून आवाज येतो, तो लोक करत असतात, तो कमी करा म्हणून सांगता सांगता आपला आवाज बसतो.

जागेचे तर विचारूच नका, कारण पुण्यात या शब्दाइतका महाग शब्द नाही. बसमध्ये जागा धरली ती सीट. डिकीत जागा नाही, ती स्पेस किंवा रूम, आणि या रूमला खोली समजून एका विद्यार्थ्याने ‘आमच्या गाडीत एकही खोली नाही’ असे भाषांतर केले होते, ज्याच्या सत्यतेबद्दल मला काही म्हणता येईना. कार्यालयात जागा भरायच्या आहेत, त्या पोस्ट किंवा व्हेकन्सी. सहलीसाठी जागा छान आहे, ती प्लेस. आणि ‘त्यांनी बाणेरला जागा घेतली’ यातली जागा कधी फ्लॅट असते तर कधी प्लॉट. तिथे क्रियापदही कामाला येत नाही, पगार विचारावा लागतो.

जे इंग्रजी शब्द मराठीत येऊन स्थायिक झाले, त्यांच्यापासून सर्वांत जास्त जपायला हवे, कारण मुलाला वाटते की हा तर इंग्रजीच आहे, याचे भाषांतर कशाला करायचे. नंबर पाहा. डॉक्टरांकडे आपला नंबर येतो, तो इंग्रजीत टर्न असतो. वर्गात पहिला नंबर येतो, ती रँक. चष्म्याचा नंबर वाढतो, ती पॉवर. यांतला एकही नंबर इंग्रजाला नंबर म्हणून कळणार नाही. हॉटेलचेही तसेच. माझ्या भाच्याकडे परदेशातून एक सहकारी आला होता. त्याने स्थानकावर उतरल्याबरोबर रिक्षावाल्याला, चांगल्या हॉटेलात ने, असे सांगितले. रिक्षावाल्याने इमानदारीने त्याला शहरातल्या एका प्रसिद्ध मिसळीच्या दुकानापाशी सोडले. दोन मोठ्या बॅगा घेऊन तो गृहस्थ रांगेत उभा राहिला, आणि आत गेल्यावर त्याला खोलीऐवजी तर्री मिळाली. त्याने ती दोनदा मागून घेतली, असे भाचा सांगतो.

संयोजकांकडून आत्ताच एक चिठ्ठी आली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘वेळ झाली. दहा मिनिटे.’ संयोजकांचे आभार, कारण त्यांनी मला उदाहरण पाठवले. वेळ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे आणि पुल्लिंगीही आहे. वेळ झाली, वेळ आली, ती वेळ: हा काळातला एक बिंदू. वेळ गेला, वेळ मिळाला, बराच वेळ: हा काळाचा लांब पट्टा. म्हणजे माझी वेळ झाली आहे, कारण माझा वेळ संपला आहे. इंग्रजीत दोन्हीकडे टाइमच आहे, पण मोजणी बदलते. ‘तो’ वेळ मोजता येत नाही, म्हणून त्याला मच लागते. ‘ती’ वेळ मोजता येते, तीन वेळा, चार वेळा, म्हणून तिला मेनी लागते आणि शेवटी एस येतो. मेनी आणि मचचा गोंधळ करणाऱ्या मुलाला एवढेच विचारा: तो वेळ की ती वेळ?

आता निमंत्रणपत्रिकेशी थोडी तरी इमानदारी राखण्यासाठी उरलेल्या जोड्या भराभर सांगतो. ज्यांनी ओळी आखल्या आहेत त्यांनी आता लिहावे.

काम केले की वर्क, काम मिळाले किंवा लागले की जॉब. धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी ‘मी पाच कामे धरली आहेत’ म्हणतात, तिथे पाच जॉब्ज. पण ‘आज खूप कामे आहेत’ याचे ‘मेनी वर्क्स’ करू नये, तिथे वर्क एकवचनीच राहतो. चूक केली ती मिस्टेक, चूक कुणाची असे विचारले की फॉल्ट. किंमत विचारली ती प्राइस, किंमत कळली ती व्हॅल्यू. आणि जो खर्च आला तो कॉस्ट. हात धुतले तर हँड, हात मोडला आणि कोपरापासून गळ्यात बांधला तर आर्म. पाय धुतले किंवा पाया पडलो तर फूट, पाय प्लॅस्टरमध्ये असला तर बहुधा लेग. बोट हातापायाला एकच, पण मराठीने दागिने वेगळे ठेवले आहेत: अंगठी जाते ते फिंगर, जोडवे जाते तो टो. ज्या मुलाने माझ्याकडे एकदा रजेच्या अर्जात ‘पायाच्या फिंगरला’ लागल्याचे लिहिले होते, त्याला मी आईच्या जोडव्यांची आठवण करून दिली आणि रजा मंजूर केली.

भाडे हा शब्द दोन वाक्ये जास्त मागतो. भाड्याने घेतले, भाडे थकले, भाडे वाढवले, हे घराचे भाडे असते आणि ते रेंट. भाडे किती झाले, हे रिक्षातून उतरताना विचारतो, ते फेअर. या फेअरच्या मुळाशी जाणे, प्रवास करणे या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद आहे. निरोपाच्या फेअरवेलमध्येही तेच आहे. घर जागचे हलत नाही, म्हणून घराला फेअर लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. आणि पुण्यातल्या प्रत्येकाच्या अनुभवाचे ‘रिक्षावाल्याने भाडे नाकारले’ हे वाक्य पाहा: इथे भाडे म्हणजे पैसे नव्हेत, भाडे म्हणजे तुम्ही. इंग्रज टॅक्सीवालाही आपल्या उतारूला फेअरच म्हणतो.

प्रवास करणे ही सवय असली की ट्रॅव्हल, इथून तिथे असा एखादा प्रवास झाला की जर्नी. ट्रॅव्हल हा शब्द कष्ट या अर्थाच्या शब्दातून निघाला आहे आणि जर्नीच्या पोटात फ्रेंचमधला दिवस आहे; एका दिवसात कापायचे अंतर, म्हणजे आपल्या ‘मजल दरमजल’मधली मजल. मजला मोजता येतात, म्हणून जर्नी मोजता येतात. ट्रॅव्हल मोजता येत नाही, म्हणून ‘मी एक ट्रॅव्हल केला’ असे लिहू नये.

माझी किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. रॅट आणि माउस दोघेही मराठीत उंदीर, दोघेही कुरतडतात, दोघेही पळतात. इथे क्रियापद गप्प बसते आणि आकारावरूनच ठरवावे लागते. त्याहून मोठी ती घूस, आणि तिच्यासाठी इंग्रजांनी बँडिकूट हा शब्द तेलुगूतून उचलला, ज्याचा मूळ अर्थ डुक्कर-उंदीर असा होतो. शब्द गुरांसारखे कुठेही चरतात. मुख्याध्यापक या अर्थाचा प्रिन्सिपल आणि तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल यांच्यातही किल्लीचे काम नाही. मराठीत मुख्याध्यापक आणि तत्त्व यांची गल्लत कधीच होत नाही, दोघे इतके क्वचित एकत्र आढळतात. ती फक्त स्पेलिंगची चूक आहे आणि स्पेलिंग पाठच करावे लागते. अप्पा बळवंत चौकातल्या पाट्यांवर स्टेशनरी या शब्दात ई हवा तिथे ए दिसतो, त्याचेही तेच. फक्त एवढे सांगतो, की मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांभोवती फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका ठिकाणी ठिय्या देऊन बसलेला जो पुस्तकविक्रेता, तो स्टेशनर. म्हणजे जागचा न हलणारा आणि वह्या-पेन्सिली विकणारा हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत, आणि ए लिहिणारा दुकानदार शब्दाच्या खापरपणजोबांशी इमान राखून आहे, असेही म्हणता येईल.

दुसरी चिठ्ठी आली आहे. हिच्यावर नुसताच ‘कृपया’ असे लिहिले आहे. चिठ्ठी हीच आजची शेवटची जोडी होती, ती घेतो आणि थांबतो. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, ते प्रिस्क्रिप्शन. चिठ्ठी पाठवली, ती नोट. चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघाले, तर ते लॉट्स. संयोजकांनी आत्ता मला दिली तिला इंग्रजीत चिट म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजांनी आपल्याच चिठ्ठीवरून नेलेला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या डोक्यावर आर या अक्षराच्या पायाला काट मारलेली खूण असते, ती रेसिपी या लॅटिन शब्दाची खूण. त्याचा अर्थ ‘घे’. पाककृतीची रेसिपी तीच. पैसे दिल्यावर मिळणारी पावती म्हणजे रिसीट, तीही याच घेण्याच्या धातूपासून आली, आणि एके काळी इंग्रज पाककृतीलाही रिसीटच म्हणत. म्हणून आमच्या वर्गातल्या ज्या मुलीने ‘आईने मला पुरणपोळीची रिसीट दिली’ असे लिहिले, तिचा मी गुण कापला नाही. समासात एवढेच लिहिले, की हे इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वी बरोबर होते, आता रेसिपी लिही. आणि खाली विचारले, की पोळीचे पैसे आईने किती घेतले.